सायकलींवरून जव्हारला

श्रोतेहो, मोखाड्याहून जव्हारला दहा-बारा जण मिळून सायकलींवरून निघालात, तर सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे घाला. रस्ता सारखा चढतो, उतरतो. तरणी पोरे पुढे सुटली की टोळी फुटलीच. उतारावर मात्र अंतर राखा. पावसात ब्रेक भिजले की लवकर लागत नाहीत.

जेवणाचे गावात आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. नागलीची भाकरी एकेक थापायची, एकेक भाजायची. डझनभर भुकेली माणसे अवचित दारात आली, तर घरच्यांच्या वाटणीचेच तुमच्या पानात पडणार! आणि पैसे? शहरातल्या हॉटेलात मोजता तेवढेच मोजा, घासाघीस नको.

गुरुजी, मुले बरोबर असतील तर जव्हारजवळ शिरपामाळावर थांबा. 1664 साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज तेथे थांबले होते, असे जव्हारकर सांगतात.