गाडीचे चलान आणि आपला हक्क
(टेमघर, भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दंडाच्या पावतीवर बोलण्यास वकील कशास हवा, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. पावती आली की पैसे भरावे आणि मोकळे व्हावे, एवढाच हा व्यवहार आहे असा आपला समज असतो. परंतु कल्याण रस्त्यावरचे हे टेमघर पाहा. एका अंगास यंत्रमाग, दुसऱ्या अंगास रांजनोली नाका व त्यापलीकडे नाशिकचा महामार्ग, आणि चहूकडे गोदामे. आपल्या घराघरांतून कोणी टेम्पो चालवितो, कोणी रिक्षा, कोणी दुसऱ्याच्या मोटारसायकलवरून माल पोहोचवितो. ज्याच्या घरची चूल चाकावर चालते, त्याचा परवाना ३ महिने निलंबित झाला तर ती चूल ३ महिने विझते. म्हणून हा विषय किरकोळ नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घ्या. चलान म्हणजे शिक्षा नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २०० खाली काही अपराधांत सरकारने ठरविलेली रक्कम भरून प्रकरण तेथेच मिटविता येते. तिला तडजोड शुल्क म्हणतात. ती भरणे वा न भरणे ही तुमची निवड आहे. आपण अपराध केलाच नाही असे ज्याचे म्हणणे असेल, त्याने ती भरू नये. दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून आपले म्हणणे मांडावे. भिवंडीस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे न्यायालय आहे. ज्याचे म्हणणे ऐकून घेतले नाही त्यास शिक्षा नाही, हे तत्त्व खुनाच्या आरोपीस जसे लागू आहे तसे सिग्नल तोडल्याचा आरोप असणाऱ्यासही लागू आहे. मात्र चलान न भरणे आणि न्यायालयातही न जाणे, हा तिसरा मार्ग कायद्यात नाही. पुष्कळ लोक नेमका तोच पत्करतात, आणि पुढे गाडी विकताना वा तिची कागदपत्रे करताना थकलेल्या चलानांची माळ पाहून घाबरे होतात.

सन २०१९ च्या दुरुस्तीने दंडाचे आकडे पुष्कळ वाढले. ती दुरुस्ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून अंमलात आली. महाराष्ट्रात मात्र वाढीव तडजोड रकमा डिसेंबर २०२१ मध्ये लागू झाल्या. या रकमा सरकार अधिसूचना काढून ठरविते, म्हणून अधिनियमातील आकडा आणि तुमच्या चलानावरील आकडा कधी कधी वेगळा दिसतो. त्यात फसवणूक आहे असे समजू नका. अधिनियमातील मुख्य आकडे सांगतो. परवान्याविना गाडी चालविल्यास ५,००० रुपये दंड वा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही तेवढेच. शिरस्त्राण, म्हणजे आपले हेल्मेट, न घातल्यास १,००० रुपये व परवान्यावर ३ महिन्यांची अपात्रता. दुचाकीवर तिघे बसल्यासही तसेच. पाठीमागे बसणाऱ्यासही हेल्मेट हवे, आणि ४ वर्षांवरील मूलही त्यातून सुटत नाही. विम्याविना गाडी चालविल्यास प्रथम २,००० व पुन्हा केल्यास ४,००० रुपये, शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. रुग्णवाहिकेस वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत.

मद्यपान करून गाडी चालविण्याचा अपराध या साऱ्यांहून वेगळा आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळले की तो घडला. पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद वा १०,००० रुपये, किंवा दोन्ही. येथे तडजोड नाही. न्यायालयातच जावे लागते. पाचवे शील आपण सारे मुखाने म्हणतो. रविवारी सायंकाळी ते शील घेऊन निघणारा मनुष्य वाटेत कोठे थांबतो, हे मी विचारीत नाही. दंडाधिकारी मात्र विचारतात.

भगिनींनो, एक गोष्ट तुम्हांस उद्देशून. मुलगा १५ वर्षांचा झाला, त्यास स्कूटर येते, दळण आणावयास पाठविले तर काय बिघडले, असे अनेक घरांत म्हणतात. कलम १९९ अ वाचून पाहा. अल्पवयीन मुलाने अपराध केल्यास पालक वा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. आणि त्या मुलास वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्या नकळत हे घडले, किंवा ते टाळण्यासाठी आपण सर्व काळजी घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. वाहन चालवून पोट भरण्याची ज्याची आशा, त्या मुलाची सात-आठ वर्षे एका दळणाच्या फेरीत जावी, हा व्यवहार कोणत्या हिशेबात बसतो?

आता पोलिसांविषयी. गणवेशातील अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना दाखविलाच पाहिजे. त्यात अपमान मानू नये. तो कागदाचाच हवा असे नाही. डिजिलॉकर वा एम-परिवहन यांवरील प्रतही नियमाने ग्राह्य आहे. अधिकाऱ्याने परवाना ठेवून घेतला तर त्याने पोच दिली पाहिजे. ती मागून घ्या, कारण तिच्या आधारे तिच्यातील मुदतीपर्यंत गाडी चालविता येते. नोंदणी वा परवाना नसलेली गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ देते. चालत्या मनुष्याच्या गाडीची किल्ली उपटून घेण्याचा अधिकार मात्र या अधिनियमाच्या कोणत्याही कलमात मला सापडला नाही. असे घडल्यास हुज्जत घालू नका. नाव, वेळ, ठिकाण लिहून ठेवा आणि वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा. भिवंडीची वाहतूक शाखा ठाणे शहर पोलीस आयुक्तालयाखाली येते.

आणि चिरीमिरी देऊ नका. पावती नको, दोनशे घ्या, असे म्हणताना आपण पैसे वाचविले असे वाटते. सन २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही अपराधी आहे. ज्याच्याकडून ती जबरीने घेतली गेली, त्याने ७ दिवसांत कळविले तरच त्यास संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

येथपर्यंत सांगितले ते हजार-पाच हजारांचे. ज्यापायी आयुष्यभर कर्ज फेडावे लागते ते आता सांगतो.

जयंतीची मिरवणूक, ६ डिसेंबरची चैत्यभूमीची वारी, लग्नाचे वऱ्हाड, या प्रसंगी आपण मालवाहू टेम्पो ठरवितो आणि त्यात बायामुलांसह तीस-चाळीस माणसे उभी करतो. स्वस्त पडते, हे खरे. परंतु मालवाहू गाडीत फुकट वा भाड्याने बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी यांच्या प्रकरणात २००२ साली दिला. मालाबरोबर जाणारा मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी यास विम्याचे छत्र आहे. मिरवणुकीस निघालेल्या माणसास नाही. घाटात तो टेम्पो उलटला तर भरपाईचा हुकूम होतो तो टेम्पोच्या मालकावर, आणि तो मालक बहुधा आपल्यासारखाच, कर्ज काढून गाडी घेतलेला गरीब मनुष्य असतो. हुकूम कागदावर राहतो. विधवेच्या पदरात काही पडत नाही. चार घरांनी वर्गणी वाढवावी, पण प्रवासी बसच ठरवावी, असे मी आग्रहाने म्हणतो.

विमा संपलेल्या गाडीचेही तेच. त्रयस्थ व्यक्तीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तो नसताना तुमच्या गाडीने कोणी दगावला तर भरपाई तुमच्या घरातून जाईल. चालकाकडे वैध परवाना नसेल, तर विमा कंपनी पीडितास पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. येथे टेम्पोचालकांस दिलासा देणारी एक गोष्ट आहे. हलक्या वाहनाचा परवाना असणाऱ्याने ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालविल्यास त्यास वेगळा शेरा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरविले. यास्तव छोटा टेम्पो चालविणाऱ्यास, तुझा परवाना चालत नाही, असे कोणी म्हटले तर घाबरू नये. ई-रिक्षा आणि घातक माल वाहणारी वाहने यांच्या अटी मात्र निराळ्या आहेत.

गाडी विकलेल्यांसाठीही दोन शब्द. पैसे घेऊन किल्ली दिली म्हणजे विक्री पुरी झाली असे नव्हे. विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. जोवर नोंद तुमच्या नावे आहे, तोवर चलान तुमच्या नावे येईल, आणि अपघात झाल्यास भरपाईचा दावाही. हे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार यांच्या प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केले. मुद्रांकावरील करारनामा तेथे तुम्हांस वाचवीत नाही.

दुर्दैवाने आपलाच मनुष्य अपघातात सापडला, तर ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. दुरुस्तीने त्यास ६ महिन्यांची मुदत घातली आहे. त्या मुदतीच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे; पण त्यावर विसंबून घरी बसू नका. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही, तरीही मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. हे ठाऊक नसल्याने कित्येक कुटुंबे अर्जच करीत नाहीत.

आणखी एक सावधगिरी. तुमच्या गाडीचे चलान निघाले आहे असा संदेश भ्रमणध्वनीवर येतो आणि सोबत एखादी फाईल उघडण्यास सांगतात. ती उघडू नका. त्यातून बँकेतील पैसे जातात. चलान आहे की नाही हे वाहतूक पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून पाहावे. तेथे छायाचित्रही दिसते. गाडी आपलीच आहे काय, जागा व वेळ जुळते काय, हे तपासूनच पैसे भरावेत वा तक्रार नोंदवावी.

वकिलास देण्यास पैसे नाहीत, हे उत्तर मी नेहमी ऐकतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि औद्योगिक कामगारास उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्ध झाल्याने आपण या हक्कास मुकलो, अशी समजूत अद्याप काही ठिकाणी आहे. ती चुकीची आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला काढून ठेवा. जुनी थकलेली चलाने लोक अदालतीत ठेवून मिटविता येतात. तेथील निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून कबुली देण्यापूर्वी रक्कम नीट वाचावी. १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते, किंवा भिवंडीच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे जावे. अर्ज साध्या कागदावर चालतो. ज्यास लिहिता येत नाही त्याची हकीकत तेथे तोंडी ऐकून लिहून घेतात.