रतनवाडी ते पाचनई: विचारत जायची वाट

अकोल्याचं नाव काढलं की लोक कळसूबाई आणि काजव्यांवर थांबतात. मी आज एक पायवाट सांगणार आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वरापासून निघायचं, कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरायचं, पेठेच्या वाडीवरून पाचनई गाठायचं. खिंडीच्या अलीकडं प्रवरेचं खोरं, पलीकडं मुळेचं. मधला चढ घाम काढतो, त्यावर जास्त बोलत नाही.

मला या वाटेचं वेड लागलं ते वैशाखात, एका पडवीत. कारवीचा कूड, शेणानं सारवलेली जमीन. मी वाट विचारली, तर तिथल्या आजीनं आधी पाण्याचा तांब्या पुढं केला. मग, "कुठलं गाव, बाबा?" मग पोरंबाळं किती, तुमच्याकडं वळीव झाला का. वाट सगळ्यात शेवटी. तीही अशी: "आंब्यापासून डावीकडं धर, वढा लागंल, म्होरं राबाचा काळा पट्टा दिसंल, तिथनं वर." राब म्हणजे, शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, भाताचं रोप टाकायच्या आधी पालापाचोळा, शेण पसरून भाजलेली जागा. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं. पाऊस लागला की तो पट्टा हिरवागार, म्हणजे आषाढात आजीला दुसरी खूण सांगावी लागणार!

याच्या उलट, जिथं वाट विचारावीच लागत नाही अशी सांतियागोच्या यात्रेची वाट स्पेनमध्ये आहे. एलियास वालिन्या नावाच्या पाद्रीबाबांनी चाळीसेक वर्षांपूर्वी तिच्यावर पिवळे बाण रंगवले. मुलाकडं गेलो तेव्हा थोडं चाललो. सोय झकास. मुक्कामाला बूट दाराशी, यात्रेकरूच्या वहीत शिक्का. येणारेजाणारे "बुएन कामिनो", म्हणजे शुभ यात्रा, म्हणतात आणि पुढं जातात. माझं गाव, पाऊसपाणी गावातल्या कुणी विचारलं नाही. विचारणार कधी? बाण होता, मी कुणाच्या दारात थांबलोच नाही.

पुन्हा सांगतो, आपल्याकडं आधी पाणी, मग गाव, मग वाट. आता पोरं मोबाइलवर वाट उतरवून आणतात. धुक्यात ते हवंच, पण पडवीवरून सरळ निघून जातात, ते काही मला पटत नाही. असो, वेळ संपत आली. पावसाळ्यात जाणार असाल तर गावातला वाटाड्या घ्या, पैसे आधी ठरवा. कुमशेतला जेवायचं असेल तर निरोप आदल्या दिवशीच धाडा, आणि भाकरी नागलीची मागा.