ताका उजेडात धरताना



बी.कॉम.ला असताना सरांनी माझा ताळेबंद लाल शाईने खोडला, तेव्हा चूक शोधण्याऐवजी महिनाभर मी सरांचेच दोष शोधीत होतो. अनेकांत पाठ असलेल्या घरातला मी! पुढे कल्याणच्या दुकानात एका भगिनीने ताका उजेडात धरून विणीतला दोष दाखविला. मी वाद घातला. त्या निघून गेल्या, दोष ताक्यातच राहिला.

याउलट नामदार गोखले पदवीधर, अध्यापक असूनही १८८७ पासून न्यायमूर्ती रानडे यांचे शिष्य राहिले. १८९७ च्या वेल्बी आयोगापुढील साक्षीची तयारी त्यांनी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या हाताखाली केली. लंडनमधील उलटतपासणीत ते डगमगले नाहीत.

हे भाषण काल माझ्या नातीने तपासले. तिने दोन परिच्छेद खोडले, म्हणूनच ते इतके लहान आहे.