गुंठेवारी आणि पुराचा नकाशा



१८०१ साली चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून विभक्त होऊन सांगलीस राजधानी वसविली. किल्ला, दगडी गणपती मंदिर आणि पेठा यांभोवती, हळदीच्या व्यापारावर हे गाव कृष्णाकाठी वाढले. पुढे १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय मिरजेच्या वाटेवर उभे राहिले, त्याच बाजूस वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आले आणि विश्रामबागेत नोकरदार मध्यमवर्ग पुरापासून दूर स्थिरावला.

मात्र बाजारातील हमाल, बांधकामावरील बिगारी आणि माधवनगरच्या गिरणीतील कामगार यांनी राहावे कोठे? त्यांना परवडली ती ओढ्याकाठची, सखल, काळ्या मातीची शेतजमीन. ती एक-दोन गुंठ्यांनी विकली गेली. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. बिगरशेती परवाना नाही, मंजूर रेखांकन नाही. व्यवहार मुद्रांकाच्या कागदावर. पैसा शेतमालकाला आणि दलालाला मिळाला. रस्ता आणि गटार कोणीच दिले नाही. हीच गुंठेवारी.

चळवळीच्या रेट्याने २००१ साली कायदा झाला. त्याच्या नावातच तीन शब्द आहेत : नियमाधीन करणे, श्रेणीवाढ आणि नियंत्रण. पहिल्याचे शुल्क रहिवाशांकडून घेतले गेले. उरलेले दोन शब्द बहुतांशी कागदावरच राहिले. २०२१ साली दुरुस्ती करून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे कायद्याच्या कक्षेत आणली गेली. मुदत वाढली, जमिनीची उंची वाढली नाही.

२००५ च्या महापुराने हरिपूरची हळदीची पेवे नष्ट केली. २०१९ साली आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेले. तेव्हा जुन्या पेठाही बुडाल्या, हे खरे. परंतु पेढीवाल्याला वरचा मजला असतो, विमा असतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट येथे पाणी आधी शिरते. शामरावनगरात तर नदी न चढताही पावसाचे पाणी साचून राहते.

म्हणून पुराला केवळ निसर्गाचा कोप म्हणणे ही सोयीची भाषा आहे. पाणी उतार शोधते. गरीब माणूस स्वस्त जमीन शोधतो. आणि बाजार त्या दोघांची एकाच ठिकाणी गाठ घालतो. पूररेषेतील घरे पाडण्याची धमकी हे त्यावरचे उत्तर नव्हे. पर्यायी जागेवाचून हलविलेला माणूस पुढच्या ओढ्याकाठीच जाईल.

कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात : उंचावर सार्वजनिक मालकीची घरबांधणीची जमीन, ओढ्यांची मोकळी पात्रे, आणि वसूल झालेल्या शुल्काचा वस्तीनिहाय जाहीर हिशेब. आरंभ हिशेबापासून व्हावा. तो मागण्यासाठी सत्ता लागत नाही, संघटना लागते.