‘ने’ दिसला की ‘बाय’ नव्हे

श्रोतेहो, खानदेशातल्या कोणत्याही शाळेत इंग्रजीच्या तासाला ‘व्हॉइस’ निघाला, की मुलं माना खाली घालतात. दोष मुलांचा नाही. आपल्या मायबोलीचं वळणच इथे आडवं येतं. ते कसं, हे आज पाहू.

‘राम केळं खातो’ हा कर्तरी प्रयोग. क्रियापद रामाच्या मागे चालतं. सीता आली, की ‘खाते’ होतं. आता हीच गोष्ट काल घडली असं सांगा. ‘रामाने केळं खाल्लं.’ केळ्याऐवजी भाकर घेतली, तर ‘रामाने भाकर खाल्ली.’ क्रियापदाने रामाला सोडलं आणि भाकरीचा पदर धरला. हा झाला कर्मणी प्रयोग. ‘मी भाकर खाल्ली’ यात ‘ने’ दिसत नाही, तरी प्रयोग कर्मणीच.

मुलगा ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असं पाठ करून आलेला असतो. म्हणून तो ‘रामाने’ दिसताच ‘बाय राम’ लिहून मोकळा होतो. पण इंग्रज ‘राम ईट्स’ म्हणतो तसंच ‘राम एट’ म्हणतो, दोन्ही अ‍ॅक्टिव्हच. मराठीत काळ बदलला, की व्याकरणच आपल्याला प्रयोग बदलायला लावतं. इंग्रजीत काळ कोणताही असो, व्हॉइस बदलायचा की नाही, हे बोलणारा ठरवतो. शिक्षकबंधूंनी आधी एवढा फरक फळ्यावर मांडावा. नियमांचा तक्ता मागाहून आला तरी चालेल. (‘शिपायाने चोराला पकडले’ हा आपला भावे प्रयोग; इंग्रजीत तोही साधा अ‍ॅक्टिव्ह.)

मग पॅसिव्ह कोणता? ‘केळं खाल्लं गेलं’, ‘केळी पाठवली जातात’, हा. त्याची खूण सोपी आहे. ‘बी’ या क्रियापदाचं एखादं रूप आणि त्यामागे मुख्य क्रियापदाचं तिसरं रूप: ‘वॉज ईटन’, ‘आर सेंट’. रावेरची केळी दिल्लीला गेली. गाडीत कोणी भरली याच्याशी खाणाऱ्याला काय करायचं आहे? तिथे ‘द बनानाज वेअर सेंट टू डेल्ही’ हेच शोभतं. ‘बाय’ लावून हमालाचं नाव ओढून आणायची गरज नाही. पुस्तकातले अभ्यास मात्र प्रत्येक वाक्याला ‘बाय’ चिकटवायला लावतात, ते मला पटत नाही. आणि ‘बस केम’ याचा पॅसिव्ह होतच नाही, कारण येण्याला कर्म नाही.

करणाऱ्याला असं दडवता येतं, म्हणून कचेऱ्यांना हा प्रयोग फार आवडतो. मराठीतलं ‘करण्यात आले आहे’ हे त्याचंच भावंड. समजा, धुळे तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हाती कागद आला: ‘युवर अ‍ॅप्लिकेशन हॅज बीन रिजेक्टेड.’ अर्ज नामंजूर झाला, एवढं कळलं. कोणी केला? वाक्यात ते नाहीच. त्याची शाळेत जाणारी मुलगी हा कागद वाचून दाखवत असेल, तर तिने ‘हॅज बीन रिजेक्टेड’ खाली रेघ ओढावी आणि बापाला सांगावं, ‘आबा, यात नामंजूर करणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही. खाली सही कोणाची आहे, कोणत्या कचेरीचा शिक्का आहे, ते बघू आणि तिथेच जाऊन विचारू.’