सर्व्हरची स्मृती आणि खिडकीपुढील रांग
(बोरगाव येथे ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



निपाणी-बोरगाव परिसरात कचेरीच्या खिडकीशी एक वाक्य वारंवार कानी पडते : ‘सर्व्हर डाऊन आहे.’ विडी वळणारी स्त्री दिवसाची मजुरी बुडवून दाखल्यासाठी आलेली असते. कर्जाची मुदत टळू नये म्हणून शेतकरी उताऱ्यासाठी आलेला असतो. दोघेही ते वाक्य ऐकून परततात. नदीला पूर यावा तसे हे संकट दैवी आहे, अशी समजूत आता कर्मचाऱ्यांचीही होऊ लागली आहे. ती दूर व्हावी, हा या भाषणाचा हेतू.

कर्नाटकात या शतकाच्या आरंभी ‘भूमी’ योजनेखाली सुमारे ६७ लक्ष शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आले. तत्पूर्वी ते सुमारे ९,००० ग्रामलेखापालांच्या दप्तरांत विखुरलेले होते. आरंभी १५ रुपये शुल्कात तालुक्याच्या केंद्रावर उतारा मिळू लागला, ही सोय लहान नव्हे. मात्र पूर्वी तलाठी भेटला नाही तर त्याच्याकडील गावांचेच अडत असे. आता एक यंत्र थबकले की शेकडो गावांचे अडते.

वीज गेली, तार तुटली, ही कारणे सर्वांस ठाऊक आहेत. परंतु वीज आहे, तार शाबूत आहे आणि तरीही यंत्र मुके झाले, तर त्याच्या स्मृतीची, म्हणजे मेमरीची, चौकशी केली पाहिजे.

अभिलेख कायमचे राहतात ती तबकडी म्हणजे घरातील कणगी. काम चालू असताना लागणारी मेमरी म्हणजे गावाचे खळे. खळे एकच असते. ज्याची पाळी त्याने मळणी करावी, धान्य उचलावे आणि भुसाही उचलावा. यंत्रात लोकांच्या मागण्या पुरवणाऱ्या कामकऱ्यांना ‘प्रोसेस’ म्हणतात, आणि प्रत्येकीला खळ्यावर जागा लागते.

समजा, मेमरी १६ जीबी आहे. मूळ प्रणाली आणि डेटाबेस यांसाठी ४ जीबी राखले, तर १२ उरतात. एका प्रोसेसला १०० एमबी लागत असेल, तर सुमारे १२० प्रोसेस सुखाने चालतील. रांग लवकर सरावी या सद्‌भावनेने कोणी ही मर्यादा ४०० केली, तर ४० जीबी लागतील. मग यंत्र मेमरीतील मजकूर तबकडीवर हलवू लागते व पुन्हा मागे आणते. तबकडी फार मंद. सारा वेळ या ने-आणीतच जातो. या अवस्थेची कारणमीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच केली होती. तेवढ्यानेही भागले नाही, तर लिनक्स प्रणाली एखादी प्रोसेस स्वतःच संपवते. निवड करताना ती मुख्यतः कोणी किती जागा व्यापली हे पाहते. त्यामुळे बळी जातो तो पुष्कळदा डेटाबेसचा, म्हणजे ज्यावाचून सर्वांचे अडते त्याचाच. चांगला डेटाबेस पुन्हा सुरू होताना अर्धवट नोंद रद्द करतो, म्हणून उतारा बिघडत नाही. पण तोवर सर्व खिडक्या बंद.

दुसरा दोष भुशाचा. सदोष प्रोग्रॅम मेमरी मागतो आणि परत करावयास विसरतो. सोमवारी १०० एमबीची असलेली प्रोसेस शनिवारी ३०० एमबीची होते. अपाची या सर्व्हर-सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक कामानंतर प्रोसेस निवृत्त करण्याची सोय आहे; तो आकडा शून्य ठेवल्यास कोणीच निवृत्त होत नाही. काही ठिकाणी रोज सकाळी सारे यंत्रच बंद करून चालू करतात. भुसा निघून जातो हे खरे, पण तो टाकतो कोण, याचा पत्ता कधीच लागत नाही.

२००८ पासून लिनक्समध्ये निरनिराळ्या कामांना मेमरीचा वाटा नेमून देता येतो. एखादा मोठा अहवाल भरदुपारी सारे खळे अडवून बसू नये, यासाठी ही व्यवस्था उपयोगी पडते. तो अहवाल रात्री काढणे तर त्याहूनही सोपे.

खिडकीवरील कर्मचाऱ्यास सर्व्हरला हात लावता येत नाही. पण एक वही ठेवता येते. यंत्र किती वाजता थबकले, रांगेत किती माणसे होती, कोणते काम चालू होते, एवढेच तीत लिहावे. दर शनिवारी थबकत असेल तर तंत्रज्ञाने आधी भुसा शोधावा. दुपारी बाराला थबकत असेल तर प्रोसेसची मर्यादा तपासावी. महिनाअखेरीस थबकत असेल तर अहवालाची वेळ पाहावी.