गुण, बुद्धी आणि पुकारलेली जात



विज्ञान राजकारणापासून अलिप्त असते, असे म्हणतात. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले लोकांच्या नाकांची मापे घेऊन जातींची प्रतवारी लावत होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असे त्यांचे म्हणणे! बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात नाकांच्या मापांचेच आकडे पुढे ठेवले आणि दाखवून दिले की, या शास्त्राला शास्त्र मानायचे असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ही वाद घालण्याची रीत विद्यार्थ्यांनी मुद्दाम शिकावी.

आज नाके कोणी मोजत नाही. गुण मोजतात आणि ‘यांच्यात बुद्धीच कमी’ म्हणून मोकळे होतात. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधिकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ६४२ शाळकरी मुलगे, निम्मे वरच्या व निम्मे खालच्या मानलेल्या जातींचे. त्यांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दोन्हीकडचे काम सारखेच झाले. सर्वांसमोर नावासह जात पुकारली, तेव्हा खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. आता पुढचे ऐका. मोबदला कोणाला मिळेल हे चिठ्ठी टाकून ठरवले, तेव्हा जात पुकारूनही तफावत उरली नाही. चिठ्ठी जात पाहत नाही, हे मुलांना कळत होते. माणूस आपल्याला न्याय देईल, याचा मात्र त्यांना भरवसा नव्हता.

आपल्या कर्जत-खालापूरचे काय? शिष्यवृत्तीचे अर्ज आले की ‘एस.सी.वाले उभे राहा’ ही हाक इथे बसलेल्या अनेकांच्या कानांत असेल. अर्जावर जात लिहावीच लागते, तो आपला हक्क आहे. पण लिहिणे वेगळे आणि भर वर्गात पुकारणे वेगळे. कातकरी मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाते, पावसाच्या तोंडावर परतते. बुडतात त्याचे महिने आणि शेरा बसतो ‘मंद’ म्हणून. आपल्यापैकीही काही जण ‘कातकऱ्याचं पोर’ असे सहज बोलून जातात. ते आपल्या कानाला खटकले पाहिजे.

शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांनाही त्यात प्रमाणात जागा आहेत. सभासदांनो, जूनमध्ये शाळा उघडली की या समितीच्या सभेला आपल्या पालक-सदस्यांना आवर्जून पाठवा. दोनच मागण्या मांडा: शिष्यवृत्तीचे अर्ज एकेका मुलाला बाजूला बोलावून भरून घ्यावेत; आणि भट्टीवरून परतलेल्या मुलांचा बुडालेला अभ्यास भरून काढल्याशिवाय त्यांच्या बुद्धीवर शेरा मारू नये.